विश्लेषण : भर उन्हात दुचाकीवरून इन्सुलिन नेताना बर्फ का धोक्याचा?

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढतो. याच दिवसांत तालुक्याच्या ठिकाणाहून महिनाभराचे इन्सुलिन घेऊन दुचाकीने गावी परतणारे रुग्ण कमी नाहीत. औषध दुकानदार कुपीसोबत बर्फाची पिशवी बांधून देतो, ती डिकीत जाते आणि तास-दीड तासाने घरच्या फ्रिजमध्ये पोहोचते. या प्रवासात औषधाचे नेमके काय होते, बर्फाने ते वाचते की बिघडते आणि यावर सोपे उपाय कोणते, याविषयी...

इन्सुलिनला उष्णता का सोसत नाही?

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. तापमान वाढले आणि त्यात कुपी हादरत राहिली, तर या प्रथिनाची घडी विस्कटते. त्याचे रेणू एकमेकांना चिकटून धाग्यांसारखी रचना तयार होते आणि औषधाचा प्रभाव हळूहळू घटतो. अडचण अशी की हा बदल अनेकदा डोळ्यांना दिसत नाही. साखर नियंत्रणात येत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते. पुढच्या वेळी चांगली कुपी हाती आली की तीच वाढीव मात्रा साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यातील सर्वांना इन्सुलिन लागत नाही. पण ज्यांना लागते त्यांना, विशेषतः टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलांना, ते रोज लागते.

तापमान नेमके किती हवे?

न उघडलेली कुपी किंवा पेन २ ते ८ अंशांत ठेवावे, असे उत्पादक सांगतात. वापरात असलेली कुपी मात्र साधारण २५ ते ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालते. नेमके दिवस प्रत्येक उत्पादनाच्या माहितीपत्रकात दिलेले असतात. ‘कॉक्रेन’ने २०२३ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. न उघडलेले मानवी इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने ठेवले, तरी त्याच्या प्रभावात उपचारावर परिणाम करणारी घट होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. याचा अर्थ फ्रिजची गरज नाही असा नव्हे. पण तासाभराच्या प्रवासासाठी औषध २ ते ८ अंशांतच राहायला हवे, हा आग्रहही आवश्यक नाही. प्रवासापुरते उद्दिष्ट साधे आहे : तापमान ३० अंशांच्या वर फारसे जाऊ द्यायचे नाही आणि औषध कधीही गोठू द्यायचे नाही.

मग बर्फ धोक्याचा कसा?

वितळू लागलेला बर्फ शून्य अंशावर असतो. फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ किंवा जेल पॅक मात्र उणे १५ ते उणे १८ अंशांवर असू शकतो. कुपी त्याला चिकटून राहिली तर औषध गोठण्याची शक्यता असते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत होत नाही. त्यात कण तयार होतात आणि प्रत्येक इंजेक्शनमधून मिळणारी मात्रा कमी-जास्त होते. म्हणूनच गोठलेली कुपी वापरू नये, असे सर्वच उत्पादक बजावतात. उष्णतेचे नुकसान बहुधा हळूहळू होते. गोठण्याचे एकाच फेरीत होऊ शकते. बर्फ वापरायचाच असेल तर तो वितळू लागल्यावरच घ्यावा आणि कुपी छोट्या डबीत, कोरड्या कापडात गुंडाळून बर्फापासून दूर ठेवावी.

दुचाकीवर सर्वात वाईट जागा कोणती?

स्कूटरच्या सीटखालची डिकी. ती इंजिनाच्या वर असते आणि तिथे हवा खेळत नाही. मोटारसायकलच्या टाकीवर लावलेल्या बॅगेला खालून इंजिनाची आणि वरून उन्हाची झळ बसते. सायलेन्सरच्या बाजूची पिशवीही टाळावी. वाटेत चहासाठी गाडी उन्हात उभी राहिली की डिकीतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा जास्त चढते. त्यामुळे गाडी थांबली की औषध सोबत घेऊन उतरावे. खिशातही शरीराची उष्णता मिळत राहते. खांद्याला अडकवलेली, सावलीच्या बाजूला ठेवलेली सुती पिशवी त्यापेक्षा बरी. हादऱ्यांपासून बचावासाठी कुपीभोवती मऊ कापड असावे.

ओल्या कापडाची युक्ती कुठे चालते?

माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ओल्या कापडातील कुपी गार राहते. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ जूल उष्णता घेतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० जूल, म्हणजे सातपट. पाणी शोषणारे स्फटिक भरलेले तयार पाऊचही याच तत्त्वावर चालतात. धावत्या दुचाकीवर वारा आपोआप मिळतो आणि बाष्पीभवन वेगाने होते.

मात्र या युक्तीला हवेतील आर्द्रतेची मर्यादा आहे. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ ते २० टक्के आर्द्रता असेल, तर सावलीतील ओल्या कापडाचे तापमान २३ ते २५ अंशांपर्यंत उतरू शकते. अकोला, चंद्रपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात म्हणूनच ती चांगली चालते. कोकणात ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तेच कापड २९ अंशांच्या खाली जात नाही. तिथे रुंद तोंडाचा, आधी गार पाणी भरून थंड केलेला थर्मास अधिक भरवशाचा. पाणी ओतून, आतून कोरडा पुसून त्यात कुपी ठेवावी. ओले पाऊच प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बंद डिकीत ठेवले तर बाष्पीभवन थांबते आणि त्याचा उपयोग उरत नाही.

औषध बिघडल्याचे कसे ओळखावे?

रेग्युलर किंवा ग्लार्जिन इन्सुलिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ दिसले किंवा त्यात कण दिसले तर वापरू नये. एनपीएच आणि मिश्र इन्सुलिन मुळातच दुधाळ असते. ते हलक्या हाताने फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेवर पांढरा थर चिकटला तर ते टाकून द्यावे. औषध स्वच्छ दिसते म्हणून ते चांगलेच आहे, असे मात्र नाही. नवी कुपी सुरू केल्यावर अकारण साखर वाढत असेल, तर मात्रा वाढवण्यापूर्वी कुपीचा प्रवास कसा झाला, हे डॉक्टरांना सांगायला हवे.

यंत्रणा कुठे कमी पडते?

औषध नियमावली, १९४५ नुसार दुकानात औषधांचे गुणधर्म टिकतील अशी साठवणुकीची सोय असावी लागते. ही जबाबदारी दुकानाच्या काउंटरपर्यंतच आहे. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत इन्सुलिन ग्लार्जिनचा समावेश झाला. त्याने किंमत आणि उपलब्धतेचा प्रश्न हाताळला, वाहतुकीचा नाही. वास्तविक याचे उत्तर आरोग्य खात्याकडे आधीपासून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसीकरण सत्राच्या जागी व्हॅक्सिन कॅरिअर अनेकदा दुचाकीवरूनच जातो. त्यातील आइसपॅक थेट फ्रीझरमधून काढून भरायचे नाहीत. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचे, असा नियम कर्मचाऱ्यांना शिकवला जातो. गोठल्याने खराब होणाऱ्या लसी वाचवण्यासाठीच हा नियम आहे. लसीच्या कुपीवर उष्णतेने रंग बदलणारी खूणही असते. इन्सुलिनच्या कुपीवर ती सहसा नसते.

आइसपॅकचा हाच नियम औषध दुकानदार आणि आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवणे आणि इन्सुलिनसोबत मराठीत चार ओळींची सूचना देणे, याला मोठा निधी लागत नाही. तोवर रुग्णांच्या हाती सर्वात स्वस्त उपाय आहे तो वेळेचा : औषध आणण्याची फेरी सकाळी लवकर करावी आणि दुपारी बारा ते चार या वेळेत इन्सुलिन घेऊन रस्त्यावर असणे टाळावे.