दिवा विझला, पण तेल?

गेल्या शनिवारी घोटावड्यातल्या एका गॅरेजात गाडीचं ऑइल बदललं. निघताना बघतो तर मीटरवरचा पान्याचा दिवा तसाच! मेकॅनिकने ट्रिपचं बटण दाबून धरलं, चावी फिरवली, मनात दहा मोजले. दिवा गायब. "झालं साहेब."

तिथेच डोक्यात किडा वळवळला. ऑइल न बदलताही हा दिवा असाच विझला असता की! बहुतेक गाड्यांत तो ऑइलकडे बघतच नाही. नुसता काउंटर: अमुक किलोमीटर किंवा अमुक महिने. जनरल मोटर्सच्या काही गाड्या निदान इंजिनाचे फेरे नि तापमान धरून हिशोब करतात. आपल्या काउंटरला हिंजवडीचं ट्रॅफिक काय कळणार? माणपासून ऑफिसपर्यंत तासभर रखडलो तरी तो मोजणार सहा-सातच किलोमीटर. इंजिन मात्र तासभर तापलेलं. अशा रखडपट्टीत ऑइल लवकर बदला, असं मॅन्युअलमध्येही असतं. (वाचतो कोण म्हणा!)

ऑइल न बघता रिसेट करणं म्हणजे कोडला हात न लावता बग 'क्लोज' करणं. आपण कुणी तसं करत नाही, हो ना?

तर माझं मत असं: रिसेट स्वतः करायला शिका (प्रत्येक मॉडेलची तऱ्हा वेगळी), पण आधी डिपस्टिक काढून बघा. मी घरी येऊन बघितली. पेट्रोल गाडी, ऑइल मधासारखं स्वच्छ. तेव्हा कुठे चैन पडलं.

आणि हो, लाल बुधलीचा दिवा वेगळा बरं का. तो ऑइलचं प्रेशर गेल्याचं सांगतो. तो लागला तर बटणं दाबत बसू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.