विमान वर आलं, माणसांचं काय?

२४ जानेवारी २०२२. दक्षिण चीन समुद्रात 'कार्ल विन्सन' या अमेरिकी युद्धनौकेवर उतरताना एफ-३५सी विमान आदळलं आणि पाण्यात गेलं. वैमानिक वाचला. विमान १२,४०० फूट खोल तळाशी. २ मार्चला ते वरही आलं. दूरनियंत्रित यंत्राने तळाशी जाऊन दोर अडकवले, क्रेनने ओढून घेतलं.

तेव्हा आमच्या ग्रुपवर मेसेज फिरला, 'बघा, दुरुस्त करून पुन्हा उडवणार!' अहो, खारं पाणी विमानाचा धातू खातं. ते काढलं गुपितं दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून.

आता आपलं बघा. २२ जुलै २०१६ रोजी हवाई दलाचं एएन-३२ चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालं. आत २९ माणसं. बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं. अवशेष सापडल्याचं जाहीर झालं जानेवारी २०२४ मध्ये: ३,४०० मीटर खोल, किनाऱ्यापासून ३१० किलोमीटरवर.

अमेरिकेला जागा ठाऊक होती, आपल्याला नव्हती, हे मान्य. पण खोली त्यांचीच जास्त होती. आपल्याला तळ दिसला तो राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचं स्वयंचलित यान तिथे उतरलं तेव्हा. मग असं यान उतरायला साडेसात वर्षं का लागावीत?

मय्यतीचं कफन-दफन हा मागे राहिलेल्यांवरचा फर्ज, असं आपण मुलांना शिकवतो. ती २९ घरं इतकी वर्षं ना कबर, ना चिता अशी राहिली. गुपितासाठी पाच आठवड्यांत समुद्राचा तळ गाठता येतो. माणसांसाठी तेवढीच घाई मागणं म्हणजे देशद्रोह नव्हे.