पांढरं म्हणजे गोरं नव्हे!

सदरला, रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्लीत माझा एक मित्र राहतो. आयटीवाला, एकटा, पगार बरा. हॉलमध्ये टीव्ही नाही, खाऱ्या पाण्याचा टँक आहे. नागपूरपासून दोन्हीकडचे समुद्र पाचशे किलोमीटरच्या पलीकडे, पण हे साहेब आरओच्या पाण्यात मीठ कालवून घरीच समुद्र करतात. (खास टँकसाठीचं मीठ हं, वरणातलं नाही!)

परवा फोन आला, "अबे ये लवकर, पांढराशुभ्र अ‍ॅनिमोन मिळाला!"

अ‍ॅनिमोन म्हणजे २००३ च्या 'फाइंडिंग निमो'मधलं निमोचं घर. दिसतं फूल, असतो प्राणी. निळ्या एलईडीखाली तो असा काही चमकत होता, की विचारू नका. आणि मी नेमकं बोलायला नको ते बोललो, "बाप्पा, हा तर उपाशी आहे."

झालं! चहा मिळाला नाही.

पण खरं तेच होतं. अ‍ॅनिमोनच्या पेशींत तपकिरी रंगाचं सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. उजेडात ते अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. भाडंच म्हणा ना! पाणी फार तापलं, उजेड फार कमी पडला किंवा एकदम अंगावर आला, की भाडेकरू बाहेर. मग उरतो पांढरा अ‍ॅनिमोन. दुकानात तोच 'रेअर' म्हणून खपतो.

मग ती चमक? ती प्राण्याची स्वतःची. त्याच्या अंगातली काही प्रथिनं निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. डिस्कोत पांढरा शर्ट उजळतो ना, साधारण तसंच. जेलीफिशमधल्या अशाच हिरव्या प्रथिनावरच्या कामाला २००८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालंय. म्हणून खरेदीला गेलात तर दुकानदाराला आधी पांढरा दिवा लावायला सांगा. निळ्या उजेडात सगळेच हिरो.

आता उपाय. मित्राने त्याच रात्री दिवे फुल केले, म्हणजे उपाशी माणसाला एकदम सावजीच्या पंगतीला बसवलं. तसं नाही करायचं. आधी निम्मा उजेड, टायमर लावून रोज आठ-नऊ तास. मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवायचा. मध्ये मध्ये कोळंबीचा बारीक तुकडा. जागा त्याला निवडू द्या, उजेड मानवला नाही तर तो स्वतःच सरकतो. पाणी २५-२६ अंशांवर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा नुसत्या कूलरवर भागत नाही, चिलर लागतोच. जुने मेटल हॅलाइड दिवे तर पाणी आणखी तापवायचे, एलईडीने तेवढी सोय केली. आणि चिलरचं बजेट नसेल तर, माझं स्पष्ट मत, अ‍ॅनिमोन आणूच नका. गोड्या पाण्यातले गप्पी पाळा, तेही गोड असतात.

तीन महिने झाले. अ‍ॅनिमोन आता कडक चहाच्या रंगाचा झालाय, गुबगुबीत. गेल्या रविवारी मित्राची आई अकोल्याहून आली, टँकपाशी वाकली आणि म्हणाली, "काय रे, हे फूल सुकलं का?"