खापरखेड्याची राख आणि पडद्यावरची शर्यत

खापरखेड्याचे १३४० मेगावॅटचे औष्णिक केंद्र कोळसा जाळते. वीज राज्यभर जाते, राख मात्र परिसरातील गावांच्या वाट्याला येते. या विजेची उधळपट्टी कशासाठी? एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १०८० ग्राफिक्स कार्डाची भूक १८० वॅटची होती. २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॅटची आहे. वीज तिपटीहून अधिक. मोटारशर्यतीच्या चित्रातील फरक भिंग घेऊन शोधावा!

आणि खेळाचे आयुष्य? २०१४ मध्ये बाजारात आणलेल्या ‘द क्रू’चे सर्व्हर युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले. यंत्र शाबूत, पैसे चुकते. तरी गाडी जागची हलेना. नफा भांडवलदाराचा, भुर्दंड ग्राहकाचा आणि राख खेड्याची, ही वाटणी अन्यायाची आहे. विकलेला खेळ सर्व्हरविना चालेल अशी तजवीज करणे विक्रेत्यावर कायद्याने बंधनकारक झालेच पाहिजे.