सणाचा ड्रेस सोमवारीही चालला पाहिजे

घटस्थापना तोंडावर आली की दुकानांच्या काचांमागे नऊ रंगांचे नऊ ड्रेस उभे राहतात. कोणत्या दिवशी कोणता रंग, हे आता आरतीइतकंच सगळ्यांना पाठ असतं. ही नवरंगांची प्रथा कुठल्या पोथीतून आलेली नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका मराठी वृत्तपत्रानं ती रुजवली आणि लोकलच्या महिला डब्यानं उचलून धरली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अख्खा डबा एका रंगात नटलेला बघायला मलाही आवडतं. तक्रार आहे ती कापडाबद्दल. पावसानं नुकतीच पाठ फिरवलेली, ऑक्टोबरचा उकाडा सुरू झालेला, आणि अंगात चकाकतं जॉर्जेट. दादर येईपर्यंत ते पाठीला चिकटलेलं असतं. दसऱ्याला सोनं वाटून झालं की नऊच्या नऊ ड्रेस कपाटात जातात. पुढच्या वर्षी रंग बहुतेक तेच असतात, फक्त वारांप्रमाणे क्रम बदलतो. तरी ड्रेस मात्र नवे घेतले जातात, कारण जुने अंगाला टोचत होते हे आठवत असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की सणासाठी घेतलेला ड्रेस सण संपल्यावर रोजच्या वापरात उतरला पाहिजे. तो उतरायचा असेल तर सुती हवा, आणि नीट शिवलेला हवा.

आपल्याकडे हे काही नवं नाही. इरकल घ्या. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं हे लुगडं सोलापूर, कोल्हापूर, मराठवाड्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपलंच मानलं. अंग सुताचं, काठ आणि पदर रेशमाचा. पदराचे उभे धागे वेगळे असल्यामुळे ते अंगाच्या धाग्यांना एकेक अडकवून जोडले जातात. म्हणजे सणाचा भाग रेशमी आणि कामाचा भाग सुती, एकाच मागावर. नवं इरकल जत्रेला किंवा लग्नाला नेसायचं. वर्ष-दोन वर्षांनी ते बाजारहाटाला निघायचं, मग शेतात, आणि विरलं की गोधडीत. संक्रांतीची काळी चंद्रकळासुद्धा घरोघरी सुतीच असायची, आणि संक्रांत झाली म्हणून कोणी ती वर्षभर पेटीत ठेवत नसे. गोधडीत हल्ली पॉलिस्टरच्या साड्याही जातात म्हणा, पण ती गोधडी रात्रभर अंगावरून घसरत राहते.

आता लगेच सुताची आरती ओवाळायला नको. सत्तर-ऐंशीच्या दशकात नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या आल्या तेव्हा आमच्या आया-मावश्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता, आणि तो खरा होता. खळ करा, पिळा, दोघींनी टोकं धरून झटका, वाळत घाला, अर्धवट ओली असताना इस्त्री करा, हे सगळं कोण करत होतं? नोकरी करणाऱ्या बाईला रात्री धुतलेली साडी सकाळी नेसता येणं ही लहान गोष्ट नव्हती. सुती कपड्याची शिफारस करताना इस्त्री कोणाच्या हातात आहे, हे विचारायला आपण विसरतो. तेव्हा ज्याला रोज कडक इस्त्री लागत नाही असाच सुती ड्रेस मी ‘आरामदायी’ म्हणेन.

पण अंगाला काय हवं, हे मोजता येतं. ठरावीक दमट हवेत सुताचा धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण 8.5 टक्के बाष्प धरून ठेवतो. पॉलिस्टरचा धागा जेमतेम 0.4 टक्के. घाम सुतात शिरतो आणि तिथून हळूहळू उडतो. पॉलिस्टरच्या धाग्यात तो शिरतच नाही, कातडी आणि कापड यांच्या मध्येच राहतो. बाष्प जसं शिरत नाही तसा तेलकट वास मात्र पॉलिस्टरला घट्ट बिलगतो. शिवाय ओलं झालं की सूत अधिक मजबूत होतं. म्हणून धुणं दगडावर आपटूनही सुती लुगडी वर्षानुवर्षं टिकत.

इथे रेयॉनबद्दल बोलायला हवं, कारण बाजारात सध्या त्याचीच चलती आहे आणि ‘रेयॉन कॉटन’ या नावाखाली ते सर्रास सुती म्हणून विकलं जातं. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतं. हाताला गार लागतं, घामही शोषतं, अंगावर छान पडतं. पण सुताच्या अगदी उलट, ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते. बादलीतून पिळून काढलेला रेयॉनचा कुर्ता दोरीवर स्वतःच्याच वजनानं लांबतो, महिन्याभरात घेर वेडावाकडा होतो. धागा जाळून बघायची घरगुती परीक्षा इथे कामाची नाही. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, ते लगेच कळतं. सूत आणि रेयॉन मात्र दोन्ही कागदासारखी जळतात. तेव्हा नाक-डोळ्यांपेक्षा आतलं लेबल वाचलेलं बरं. ते बाजूच्या शिवणीत, कमरेच्या जरा खाली असतं. ‘कॉटन ब्लेंड’ असेल तर किती टक्के हे विचारा, आणि ‘कॉटन फील’ असेल तर काही विचारू नका, पुढच्या दुकानात जा.

या दोन-चार वर्षांत सर्वाधिक फसगत होते ती खणाच्या ड्रेसमध्ये. खण गुळेदगुड्डचा, तोही बागलकोट जिल्ह्यातलाच. ओटीत नारळाबरोबर पडणारा, त्रिकोणी घडीचा, चोळीपुरता. त्यातला उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, आणि बुट्ट्या उभ्या जादा धाग्यांनी विणलेल्या. त्याची चमक त्या रेशमाची असते. मुळात तो चोळीसाठीच विणायचा असल्यानं पन्हा अरुंद. आज मात्र खणाच्या साड्या, फ्रॉक, कुर्ते, पर्स, तोरणं, सगळं काही मिळतं, आणि त्यातलं बरंचसं यंत्रमागावरचं पॉलिस्टर असतं. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात असा एक ड्रेस मी मध्यंतरी उलटा करून पाहिला. बाहेरून मोरपिशी, नारायणपेठी वाटावा असा काठ, गळ्याला कवड्या. किमतीच्या चिठ्ठीवर ‘प्युअर खण कॉटन’. आत हात घातला तर पूर्ण अंगभर चकचकीत क्रेपचं अस्तर, तेही पॉलिस्टरचं. शिवणीत कापड इतकं काटेकोर कापलेलं की अर्धा इंच सोडवायचा म्हटलं तरी माया नाही. काठाचा धागा नखानं उकरला तर प्लॅस्टिकची पट्टी सुटून आली. म्हणजे वरचं कापड खरोखर सुती असतं तरी अंगाला लागणार होतं ते अस्तरच. विक्रेत्या मुलीला विचारलं, तर ती प्रामाणिकपणे म्हणाली, ‘ताई, अस्तराचं कोणी विचारतच नाही.’

तिचं म्हणणं खरं आहे. आपण रंग विचारतो, सूट किती ते विचारतो, ‘यात एक्सेल आहे का’ विचारतो. अस्तराचं विचारत नाही. मलमलीचं किंवा साध्या सुती व्हॉइलचं अस्तर लावलं तर ड्रेस थोडा महाग होईल आणि घालायला दहापट बरा होईल. आणि कापड पारदर्शक नसेल तर अस्तर हवंच कशाला? जाड विणीच्या हातमागाच्या कापडाला अस्तर लावणं म्हणजे निव्वळ सवय आहे.

यंत्रमाग म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. इचलकरंजीत आणि मालेगावात यंत्रमागावरच सुती कापडाचे तागेच्या तागे निघतात, आणि रोजच्या कुर्त्याला साठ काउंटचं कॅम्ब्रिक छान चालतं. काउंट जितका मोठा तितका धागा बारीक, एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानदार जरा सावरून बोलतो. अजरख, बगरू, कलमकारी यांच्या छापील नकलाही सुती कापडावर असतील तर खुशाल घ्या, फक्त हाताच्या छापाची किंमत देऊ नका. हाताच्या छापात ठसा जिथे ठशाला भिडतो तिथे रेघ कुठेतरी चुकते. यंत्राची रेघ चुकत नाही. हातमागाचं म्हणून पैसे मागत असतील तर 2006 पासून सुरू असलेली ‘हँडलूम मार्क’ची चिठ्ठी बघायची, आणि नसेल तर का नाही ते विचारायचं.

सण आणि रोज, दोन्ही एकाच कापडात हवं असेल तर माझं मत आंध्रातल्या मंगळगिरीला. गुंटूर जिल्ह्यात खड्ड्यातल्या मागावर विणलं जाणारं हे कापड. अंगात नक्षी नाही, काठाला जरीची बारीक दातेरी पट्टी, ज्याला निजाम बॉर्डर म्हणतात. घट्ट विणीमुळे अस्तराची गरज नाही आणि धुण्यागणिक ते मऊ होत जातं. अष्टमीला त्यावर ठसठशीत झुमके आणि गडद ओढणी घाला, सोमवारी तोच कुर्ता जीन्सवर जातो. चंदेरी आणि माहेश्वरी देखणी असतात, पण त्यात रेशीम असतं. त्यांची सणाला हौस भागते, स्वयंपाकघराच्या फोडणीशी त्यांचं जमत नाही.

आता शिवण. तयार ड्रेसमध्ये मला तीन गोष्टींचा राग येतो: खिसा नसतो, माया नसते, आणि काखेत कापड अपुरं असतं. जुन्या कुर्त्याला, बंडीला काखेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवत, त्यामुळे हात वर केला तरी पूर्ण कुर्ता वर जात नसे. मखर बांधताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, लोकलची कडी धरताना बाईचा हात वरच असतो, हे ड्रेस बेतणाऱ्यांना माहीत नसावं. खिशाबद्दल तर बोलायलाच नको. पुरुषांच्या झब्ब्याला दोन खिसे असतात आणि बायकांच्या ड्रेसला लटकन असतं.

म्हणून शक्य असेल त्यांनी कापड घेऊन शिवून घ्यावं असं मी सुचवेन. 44 इंची पन्ह्याचं अडीच मीटर कापड बाहीसकट लांब कुर्त्याला पुरतं. हातमागाचा पन्हा कमी असेल तर तीन मीटर घ्या. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवून सावलीत वाळवा. सुती कापड तीन ते पाच टक्के सहज आटतं, म्हणजे 44 इंच लांबीचा कुर्ता पहिल्या धुण्यात दोन इंचांनी आखूड. मग दोष शिंप्यावर येतो. त्याला सांगून ठेवा: दोन्ही बाजूंना इंचभर माया, शिवणीत लपलेला खिसा, गळ्याला आतून सुती पट्टी, आणि सणाची लेस कच्च्या टाक्यांनी, म्हणजे नंतर उसवून काढता येईल. करातही फरक पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के जीएसटी आणि त्यावरच्या नगावर 18 टक्के. सुती कापडावर मात्र 5 टक्केच. हातमागाचा, सुती अस्तराचा, खिसेवाला ड्रेस अडीच हजारांच्या पुढे सहज जातो. म्हणजे चांगलं शिवलेल्यावर कर जास्त आणि पॉलिस्टरच्या स्वस्ताईवर कमी. सरकारचा हेतू श्रीमंतांच्या कपड्यांवर कर लावण्याचा असेल, पण भुर्दंड हातमागावर पडतो आहे.

दुसऱ्या टोकाच्या दुकानांनाही मोकळं सोडता येत नाही. पाच-सहा हजारांचा सुती ड्रेस, आत चिठ्ठी: ‘फक्त ड्रायक्लीन’. सूत धुवायला घाबरणारा विक्रेता एक तर कच्चा रंग विकतो आहे, नाही तर मिजास. खऱ्या निळीचं कापड सुरुवातीला रंग सोडतं, हे मान्य. पण त्याला थंड पाण्यात वेगळं धुवा आणि सावलीत वाळवा एवढं सांगणं पुरेसं असतं.

आणि नऊ रंगांचं काय? तीन कुर्ते पुरतात: एक पांढरा, एक गडद निळा, एक लाल किंवा पिवळा. बाकीच्या रंगांचं काम सुती ओढण्यांवर सोपवा. ओढणीला माप लागत नाही, ती आई, बहीण, जाऊ यांच्याकडून एका दिवसापुरती मागून आणता येते. ऑफिसात फोटो काढताना सगळ्यांचं लक्ष ओढणीवरच जातं.

तेव्हा या आठवड्यात खरेदीला निघालात तर ड्रेस आधी उलटा करा. अस्तर हातात चुरगाळून पाहा, शिवणीतली माया बोटानं मोजा, खिसा शोधा, दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहा. आणि अस्तराचं विचारा. दहा जणींनी विचारलं की अकरावीला विचारावं लागणार नाही.