गार वाटणे आणि गार होणे

दिवाळी आली की घरोघर दोन पुडकी येऊन पडतात, एक फटाक्यांचे आणि एक उटण्याचे. पहिल्याने हात भाजतो हे शेंडेफळालाही ठाऊक असते. दुसऱ्याने तोंड भाजते हे मात्र नरकचतुर्दशीच्या दुपारी कळते. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, चंदन ही सारी मंडळी मुळात गुणाची. पण भरड दळलेली, मागच्या वर्षापासून डब्यात पडून राहिलेली, आणि पितळेची घागर घासावी तशी कोवळ्या गालांवर घासलेली! मग गाल लालबुंद, डोळ्यांखाली पिशव्या, आणि भाऊबीजेच्या फोटोत यायला मुलगी तयार होत नाही. येथून घरात थंडाव्याचा शोध सुरू होतो.

हल्ली थंडावा दुकानात मिळतो. निळ्या-हिरव्या बाटल्यांतून कोरफडीचा गीर, गुलाबाचा फवारा, डोळ्यांखाली फिरवायची धातूची गोळी बसविलेली नळी, आणि शीतकपाटात ठेवून गालांवरून फिरवायचे दगडाचे एक इवलेसे लाटणे. (पोळ्या लाटायला नकार देणाऱ्या मुली हे लाटणे मात्र रोज नेमाने चालवितात, असे एका आजीबाईंचे म्हणणे. मी ते फक्त नोंदवून ठेविते.) पुरुषमंडळींनी हसू नये. दाढीनंतर तुरटीचा खडा फिरविणारे त्यांचे आजोबा आणि स्पिरिटचे पाणी थापटून 'हाऽहाऽ' करणारे ते स्वतः याच पंथातले आहेत.

माझा विषय मराठी. त्यामुळे औषधाआधी शब्दाकडे लक्ष जाते. आपल्या भाषेने उष्णतेवर फार भार टाकला आहे. तोंड आले, उष्णता झाली. डोळे चुरचुरले, उष्णता. पुटकुळी उठली, उष्णता बाहेर पडली. अंगाची लाही होते, तळपायाची आग मस्तकात जाते. एवढी उष्णता खरोखरीच अंगात असती तर घरोघरचे थर्मामीटर फुटले असते! वास्तविक चेहरा चिडतो तेव्हा घडते ते असे: कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून लाली येते, त्यांतून पाणी आजूबाजूला झिरपते, म्हणून सूज दिसते. डोळ्यांभोवतीची कातडी सर्वांत पातळ, म्हणून ती तेथे आधी दिसते. गार लावले की रक्तवाहिन्या आकसतात, खाजेचा निरोप नेणारे मज्जातंतूही मंदावतात, आणि बरे वाटते. तेव्हा थंडाव्याचा गुण खोटा नाही. प्रश्न एवढाच, की कातडी गार होते आहे की नुसती गार वाटते आहे?

मराठीत 'होणे' आणि 'वाटणे' यांत जे अंतर आहे तेच येथे आहे. पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल आणि कापूर एका बाटलीत घातले की तिन्ही कोरडे पदार्थ आपोआप पातळ होतात. जुन्या घरांतून ही बाटली असेच. तिचा थेंब कपाळावर चोळला की काय गारवा! पण कपाळाचे तापमान मोजाल तर ते होते तेवढेच. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांना गारव्याची चाहूल घेणारी एक खिडकी असते. सुमारे २६ अंशांखालची थंडी लागली की ती उघडते, आणि पुदिन्याचे फूल लागले तरीही उघडते. ही खिडकी २००२ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांच्या दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. उष्णतेच्या आणि स्पर्शाच्या जाणिवेवरील संशोधनासाठी २०२१ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. सांगायचे एवढेच, की 'कूल' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळशा लेपांतला गारवा म्हणजे मेंदूला केलेली खोटी तार होय. तारखाते २०१३ साली बंद झाले, पण हे खाते चालू आहे! निरोगी कातडीला तिने बिघडत नाही. चिडलेल्या कातडीला, त्यातून डोळ्यांपाशी, ती आणखी चिडविते. दंतमंजनाचा लेप पुटकुळीवर लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि लिंबू पिळून उन्हात जाणाऱ्यांनीही, कारण लिंबाचा रस आणि ऊन यांची गाठ पडली की फोड येतात व डाग महिनोन्महिने राहतात.

खरे गार करणारे पदार्थ अगदीच बिनभांडवली. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो. एक ग्रॅम पाणी कातडीवरून वाफ होऊन उडते तेव्हा सुमारे ५८० कॅलरी घेऊन जाते, म्हणजे सातपटीहून अधिक! माठ गार का होतो आणि वाळ्याच्या पडद्यातून झुळूक गार का येते, तेच हे कारण. बर्फ थेट गालावर धरला तर कातडी करपते; ओला पंचा करपवीत नाही. कोरफडीच्या गिरातही अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के पाणीच असते. मात्र पान कापल्यावर जो पिवळा चीक निथळतो तो धुऊन टाकावा, तो झोंबतो. औषधवाल्याकडची गुलाबी कॅलामाइन म्हणजे जस्ताची भुकटी पाण्यात कालवलेली. तिचा गुलाबी रंग किंचितशा लोहाचा. तीही पाणी उडवूनच गार करते, आणि फार लावली तर कातडी कोरडी पाडते.

सूज सगळीच पुसून काढण्यासारखी नसते. काळी मेंदी किंवा केसांचा कलप लावल्यावर डोळे मिटतील एवढे तोंड सुजले, ओठ-जीभ जड झाली, श्वास लागला, तर पंचा भिजवीत बसू नये, दवाखाना गाठावा. रोज सकाळी पापण्या सुजतात, संध्याकाळी पाय सुजतात, लघवीला फेस येतो, तर काकडीच्या चकत्या बाजूला ठेवून लघवी तपासून घ्यावी. मूत्रपिंडाचे दुखणे पुष्कळदा आधी आरशात दिसते.

माझे आजोळ विंचूरचे. निफाड तालुक्यातले हे गाव पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांमुळे इतिहासाच्या पुस्तकात आहे, आणि लासलगाव बाजार समितीच्या उपबाजारामुळे वर्तमानपत्रातल्या कांद्याच्या भावात. अलीकडे द्राक्षांच्या मद्याचे कारखानेही तेथे आले. या मुलखात चेहऱ्याला स्वस्थता नाही. वैशाखात ऊन भाजून काढते, आणि पौषात निफाडकडे पारा कित्येकदा पाच अंशांखाली उतरून गाल फुटतात. यात भर कांद्याची. कापलेल्या, ठेचकाळलेल्या कांद्यातून डोळ्यांत पाणी आणणारी वाफ निघते. ती तयार करणारे विकर जपानी संशोधकांनी शोधले तेही २००२ सालीच. खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायकांच्या तोंडावर फोलपटांची धूळ, आणि सालीवरची काळी बुरशीही. दुपारी त्या माठाशी येतात, पदराचे टोक भिजवितात, पिळतात, आणि डोळे मिटून तोंडावर धरून बसतात. माझी मामी जन्मभर हेच करीत आली. पंचा साध्या पाण्यात भिजवायचा, पिळायचा, चोळायचा नाही, नुसता ठेवायचा. सुकला की पुन्हा. शेवटी ओलसर तोंडावरच तेलाचे बोट. (पुटकुळ्या असतील तर तेलाऐवजी बिनवासाचे साधे मलम बरे, असे डॉक्टर म्हणतात.)

या मामीच्याच नातीची हकीकत सांगावयाची आहे. मागच्या वैशाखात गेले तेव्हा पोरीने मोठ्या कौतुकाने एक नळी माझ्यापुढे धरली. "मावशी, हे लावून बघ, लगेच गार पडतं."

नळीवर तांबडी उभी रेघ होती. चष्मा पुसून बारीक अक्षरे वाचली: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन.

"हे कोणी दिलं तुला?"

"मेडिकलवाल्यानं. उन्हानं तोंड लाल झालं होतं. दोन दिवसांत आग थांबली, आणि गोरी पण दिसायला लागले."

"मग?"

"मग सोडलं की दुप्पट आग व्हायची. म्हणून परत लावलं."

असे आठ महिने झाले होते. हा तिसऱ्या जातीचा गारवा. येथे गार वाटतेही आणि लाली खरोखर उतरतेही, कारण मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. योग्य दुखण्यावर, डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडे दिवस, तर ते मोठे औषध. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावले तर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्यांची लाल जाळी दिसू लागते, पुटकुळ्या येतात, लव वाढते. ऊन आणि चुलीची धगही सोसत नाही. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल ही याच घराण्यातली. लावायचे थांबविले की दबलेली लाली उसळून येते, आणि माणूस पुन्हा नळीकडे धावतो. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ साली ती 'शेड्यूल एच'मध्ये घातली. नियम झाला, पण फळीवरून नळी काढून देणारा हात तसाच राहिला.

नाशिकच्या त्वचातज्ज्ञांनी औषध हळूहळू उतरवीत नेण्याचे वेळापत्रक दिले, साधे मलम दिले, उन्हात ओढणी व उन्हापासून रक्षण करणारा लेप सांगितला, आणि गार पाण्याचा पंचा. मामीने माझ्याकडे पाहिले, बोलली काही नाही. डॉक्टरांनी हेही सांगितले की तीन-चार महिने, कदाचित अधिक, तोंड आणखी लाल दिसेल.

खरी अडचण तेथे होती. साखरपुडा झालेला, लग्न मार्गशीर्षात. माझी मामेबहीण घरी येऊन म्हणाली, "ताई, तेवढं लग्न होईपर्यंत लावू दे गं. पाहायला आले तेव्हा त्यांनी हाच रंग पाहिलाय." तिच्या बोलण्याला हसण्यासारखे काही नव्हते. मुलीची आई आहे. जमलेले लग्न कशाकशाने मोडते हे तिने पाहिले आहे.

मामी म्हणाली, "आणि पुढं? सासरी नळी कुठं लपवायची?"

पोरगी उठून गच्चीवर गेली. बराच वेळ फोनवर बोलत होती. खाली आली ती पंचा घेऊन माठाशी गेली. तिने त्या मुलाला सरळ सांगितले होते की पुढचे काही महिने माझे तोंड टोमॅटोसारखे दिसेल, आणि नंतर ते तुम्ही पाहिलेत तेवढे गोरे नसेल. काय ते आजच सांगा.

"काय म्हणाला?" मामेबहिणीचा आवाज घशातच अडकला होता.

"त्यांनी आधी नळीचं नाव विचारलं. मग म्हणाले, थांब, आणि आत जाऊन आले. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या कपाटात तीच आहे. वर्षभर लावतेय."

नाशिकच्या पुढच्या तारखेला दोघी नणंद-भावजया एकाच रिक्षातून दवाखान्यात गेल्या, तोंडाला ओढण्या गुंडाळून.