नमुना गेला परराज्यात, जबाबदारी गेली कुठे?

घरातला शेवटचा लॅब रिपोर्ट काढा. खाली सही कोणाची आहे? त्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक छापलाय का? आणि तो कुठल्या राज्याच्या कौन्सिलचा?

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका काकूंचा बायोप्सीचा रिपोर्ट पाहिला. गाठीचा तुकडा दिला आपल्या गावातल्या कलेक्शन सेंटरवर, तपासला गेला परराज्यात. इथल्या सर्जनला रिपोर्टमधल्या एका शब्दाचा खुलासा हवा होता. सेंटरवरचा पोरगा म्हणाला, हेल्पलाइनला फोन करा. हेल्पलाइन म्हणाली, मेल करा. ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं. रिपोर्टवर सही होती, नोंदणी क्रमांक नव्हता.

बायोप्सीचा रिपोर्ट मशीन देत नाही. काचेवरचा तुकडा पाहून कॅन्सर आहे की नाही, हे डॉक्टर ठरवतो. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी.

पण चुकलं तर? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल कारवाई करते ती आपल्याकडे नोंद असलेल्या डॉक्टरवर. नोंद दुसऱ्या राज्यात असेल तर तक्रार घेऊन तिकडे जा. २०१९ च्या कायद्याने ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, खरंय. पण तिथे भरपाई मिळते, डॉक्टरच्या परवान्याला धक्का लागत नाही. आणि लॅबवर वचक ठेवू शकणारा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही!

कोणी म्हणेल, तालुक्यात असे तज्ज्ञ आहेत कुठे? बरोबर आहे. नमुने बाहेर जाणारच, जायलाच हवेत. माझा विरोध त्याला नाही. नमुना एका रात्रीत राज्याची हद्द ओलांडतो, मग जबाबदारी नाक्यावर का अडते? अमेरिकेत अनेक राज्यं बाहेरच्या पॅथॉलॉजिस्टकडे पेशंटच्या राज्याचा परवाना मागतात. आपल्याकडे निदान एवढं तरी करा: प्रत्येक रिपोर्टवर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, कौन्सिलचं नाव आणि डॉक्टरशी थेट बोलता येईल असा नंबर. आणि तक्रार पेशंटच्या राज्यात घेतली जावी.

आमदारसाहेब, उद्घाटनाच्या फिती कापून झाल्या असतील तर अधिवेशनात हे विचारा.

तोवर मंडळी, पैसे देण्याआधी काउंटरवर एकच प्रश्न विचारा: "सही कोण करणार?" उत्तर काय मिळालं ते खाली लिहा.